व्याह्यांसाठी इतिहास

बिश्केकच्या पुस्तकांच्या दुकानात एक बाई लग्नाळू मुलासह माझ्यापुढे उभ्या होत्या. रांग मोडून पुढे जाण्याची रीत माझ्या घराण्यात नाही. त्यामुळे त्यांचे सारे संभाषण मला ऐकावे लागले.

“आई, मुलीचे आजोबा इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांना भेट म्हणून हे घेऊ? यात म्हटलंय, आपलं राष्ट्र शंभर वर्षांपूर्वी कचेरीत बसून घडवलं.”

“कचेरीत? तिथे मेंढीचा साधा दाखला मिळत नाही! ठेव ते. तो जाडा ग्रंथ घे, दोन हजार वर्षांचा.”

“यात सगळ्या कुळांच्या वंशावळीही आहेत.”

“मग आपली काढ. म्हातारा खूश होईल.”

“सापडली. मूळ पुरुष सारीबाय, त्याचे दोन मुलगे. थोरल्याचे वंशज आपण.”

“आणि धाकट्याचे?”

“आई… मुलीकडचे.”

“हळू बोल! पिढ्या मोज. सात भरल्या तरच सोयरीक होते.”

“सहाच भरतात.”

“अरे, सातही पूर्वज तुझ्याकडून पाठ करून घेतले होते ना मी?”

“पाचव्यानंतर मी मनानेच नावं घालायचो.”

“गाढवा! आमंत्रणं गेलीत. ते कचेरीवालं पुस्तक कुळांबद्दल काय म्हणतं?”

“वंशावळी कारकुनांनी रचल्या म्हणतं.”

“बघ, याला म्हणतात विद्वान! हेच न्यायचं. अहो दुकानदार, त्या जाड्या ग्रंथाच्या प्रती किती?”

“तीन, बाई.”

“आणि ती काचेत लावलेली?”

“ती धरून चार.”

“चारही बांधा.”