उलटा विचारलेला कौल

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय भाई, व्यासपीठावरील देवस्थानचे मानकरी, ज्यांच्या गौरवासाठी आपण जमलो ते जयराम गुरव, भातकापणीची घाई बाजूला ठेवून आलेल्या बंधुभगिनींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. चाळीस वर्षं कविता शिकवल्या. पाच मिनिटांत मी कधी हजेरीसुद्धा घेतली नाही. तरी प्रयत्न करतो.

जयराम बावन्न वर्षं आपल्या रवळनाथाला कौल लावत आले. ओल्या पाषाणावर उजवीडावीकडे पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. या गावातली किती लग्नं, किती विहिरी त्यांच्यासमोर ठरल्या! आजपासून ते विश्रांती घेताहेत.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती त्यांना आवडणार नाही. पण आज त्यांना उठून जाता येत नाही.

गेल्या श्रावणात माझ्या बायकोच्या, विमलाच्या हृदयाची झडप बिघडल्याचं निघालं. गोव्याचे डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत ऑपरेशन करा. धोका आहे, हेही सांगितलं. विमला तयार झाली. मीच म्हटलं, "थांब, देवाच्या मर्जीवर सोडू." ऐकायला किती बरं वाटतं, नाही का? खरं सांगू? मला नकार हवा होता. देवच नको म्हणाला, की माझ्यावर काही येणार नव्हतं.

जयरामनी गाऱ्हाणं घातलं, "आपरेशन केला तर बरा होतला काय, म्हाराजा?" उजवी पडली.

मला पटेना. म्हटलं, "आता असं विचार, ऑपरेशन न करता बरं होईल का?" त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाकळ्या लावल्या. पुन्हा उजवी!

"बघ, दोन्हीला हो! तिसऱ्यांदा लाव."

जयरामनी पंच्याने पाषाण कोरडा केला. "मास्तरांनू, तुमी देवाक इचारतास, काय देवाची परीक्षा घेतास?"

"अरे, त्याच्याच मर्जीवर सोडतोय ना!"

"खंय सोडलास? मुठीत धरून बसलास. होया ता उत्तर मिळापर्यंत परशन बदलतलास."

तेव्हा खांबाशी बसलेली विमला बोलली. "आणि माका कोण इचारता? छाती माझी, कौल ह्येंचो! जयरामा, मी जातलंय. वाचलंय तर त्येची मर्जी, नाय वाचलंय तरी त्येचीच."

मित्रहो, शरणागतीच्या कविता मी वर्गात चालीवर म्हणून घेतल्या. खिडकीबाहेर समुद्र, आत पन्नास कोवळे आवाज. दुपारी डोळा लागताना आजही ते कानी येतात. 'शरण जाणे म्हणजे काय, चार ओळींत लिहा,' असे प्रश्न काढून लाल पेन्सिलीने गुण दिले. आणि स्वतः मात्र आपलं काम देवाच्या अंगावर ढकलून त्यालाच शरण जाणं समजत होतो. हातात आहे तेवढं करायचं आणि उरलेल्यावरची मूठ उघडायची, हे उत्तर बायकोने दिलं तेव्हा कुठे कळलं.

ऑपरेशनच्या दिवशी इस्पितळातल्या बाकावर पाच तास बसलो. देवाला काही विचारलं नाही, अट घातली नाही. "म्हाराजा, ती तुझ्याकडे आहे," एवढंच म्हटलं. भीती गेली का? नाही गेली. पण ती एकट्याने सांभाळायची राहिली नाही. आणि काय सांगू, चक्क डुलकी लागली! सिस्टरने हलवून उठवलं, "आजोबा, अहो आजोबा! सगळं नीट झालं. शुद्धीवर आल्या आहेत, तुम्ही जेवलात का विचारताहेत."

घरी परतल्यावर नारळ घेऊन देवळात गेलो. "जयराम, सांग, देवाचं ऋण कसं फेडू?"

"नारळ थेवा आणि घराकडे जावा. वयनीक पेज कोण करता?"

"शेजारची तुळसा."

"मगे आता तुमी करा."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पेज करायला शिकलो. पहिली करपली. विमलाने ती हसत हसत संपवली.

जयराम, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. सभा जमवणाऱ्यांचे आणि ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, देवाविषयी काही अधिकउणं बोललो असेन, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. आणि आता मला निघू द्या. दिवेलागण झाली, चुलीवर आधण ठेवायचं आहे.