घरटी एक मत

एनॉक : ...आणि आता म्हणे पुन्हा मतदान! निम्म्या पालकांनीसुद्धा मतपत्रिका पाठवली नाही, म्हणून पहिलं मतदान रद्द, हेस्टर. दुकानात रोज म्हणतात, "एनॉक, काहीही कर, पण आपली शाळा वाचव." आणि मत द्यायची वेळ आली की सगळं गाव चिडीचूप!

हेस्टर : नगरपालिकेने शाळा बंद करायला काढली हे वाईटच, बाबा. पण म्हणून शाळा तिच्या हातून काढायची, पैसा थेट लंडनच्या सरकारकडून घ्यायचा आणि कारभार तुम्ही ज्यावर आहात त्या शाळेच्या मंडळाने बघायचा? हा उपाय मला नाही पटत.

एनॉक : भाजीवाल्याला शाळा कळत नाही म्हणून?

हेस्टर : लगेच लावून घेऊ नका! कॉलेजात मी हेच तर शिकवते. तुमच्या बाजूचे पंडित म्हणतात, पालक म्हणजे गिऱ्हाईक; त्याला निवड द्या, शाळा आपोआप सुधारतील. मी माझ्या मुलांना विचारते, जिच्याकडे गाडी नाही, सवड नाही, त्या आईने निवड करायची ती कशातून?

एनॉक : अगं, तिच्या दाराशी शाळा आहे, ती बंद कोण करतंय? मी? माझा कोबी किडका निघाला तर बाई पलीकडच्या दुकानात जाते. त्या धास्तीने मी पहाटे बाजारात एकेक गड्डा दाबून बघतो. नगरपालिकेतल्या साहेबाला कसली धास्ती? पोरं वाचायला शिकली काय, न शिकली काय, त्याची खुर्ची जागच्या जागी.

हेस्टर : मूल म्हणजे कोबी नव्हे.

एनॉक : नव्हेच! म्हणून तर नुसत्या बाजारावर माझं भागत नाही. आपली हेडबाई मिस थ्वेट सकाळी पोरांना उभं करून देवाचं गाणं म्हणवते, पाढे घोकून घेते, मोठ्यांशी कसं बोलायचं ते शिकवते. ही बंद झाली तर पोरं शहरातल्या ज्या अवाढव्य शाळेत जाणार, तिथे कोण कुणाला ओळखतं?

हेस्टर : आणि ज्यांच्या घरचं गाणं वेगळं, त्यांचं काय? गिरणीतल्या झुल्फिकारची मुलं?

एनॉक : झुल्फिकार स्वतः आला होता. म्हणाला, "जिथे सकाळी देवाचं नाव निघतं ती शाळा मला चालते. कुठल्या देवाचं, ते आम्ही घरी बघू."

म्युरियल : तुमचं संपलं की सांगा, चहा गार होतोय. हेस्टर, तुझंही मूल त्याच शाळेत; पहिल्या खेपेला तुझं मत तू पाठवलंस ना?

हेस्टर : पाठवलं, आई. विरोधात.

एनॉक : ऐक! पोटची पोर!

म्युरियल : पाठवलं हे काय कमी? शेजारच्या एडिथने तेही नाही केलं. तिचा कागद घड्याळामागे तसाच पडलाय.

हेस्टर : का पण? तिची दोन मुलं आहेत शाळेत.

म्युरियल : तिच्या नवऱ्याने मत दिलं ना. एका घराने दोनदा बोलायचं म्हणजे लबाडी, म्हणते. सहकारी भांडारात नाही का, घरटी सभासदाचा एकच नंबर? आमच्या आळीतल्या सगळ्या बायकांनी तसंच केलंय.

हेस्टर : काय सांगतेस? अगं, आईचं मत वेगळं, बापाचं वेगळं! बाबा, म्हणून निम्मे कागद आले नाहीत!

एनॉक : आणि आळीतले निम्मे पुरुष नगरपालिकेच्या नोकरीत. साहेबाला दुखवायला नको म्हणून दिली तुमच्या बाजूने मतं... पण पोरी, हे तू मला का सांगतेस? या खेपेला जेवढी मतं येतील तेवढ्यावर निकाल. बायका गप्प राहिल्या तर तूच जिंकलीस.

हेस्टर : एडिथ बोलली आणि मी जिंकले, तर तो विजय. ती गप्प बसली म्हणून जिंकले, तर वर्गात मी कुठल्या तोंडाने उभी राहू?

एनॉक : थांब, मी उद्या दुकानातच सगळ्यांना...

म्युरियल : तू तोंड उघडू नकोस! मतं मागायला आलास म्हणतील. वर्षातून एकदा चॅपलमध्ये पोरं गातात, त्या गाण्यांच्या रविवारची तालीम सुरू झालीय, पोरांचे पांढरे कपडे बेतायला सगळ्या आया तिथे येतात. हेस्टर सांगेल. विरोधातली बाई सांगतेय म्हटल्यावर खरं वाटेल त्यांना.

(काही आठवडे गेले. उद्या गाण्यांचा रविवार. चॅपलचं स्वयंपाकघर; आत लाकडी पायऱ्यांवर मुलं गातायत.)

म्युरियल : ऐकलंस? वर्षभर प्रवचनं ऐकते मी, पण ही पोरं गाऊन जे सांगतात ना, ते थेट इथे पोचतं... अगं बाई, एनॉक! धावतोस काय असा?

एनॉक : मिस थ्वेटचा फोन! जिंकलो! नुसते जिंकलो नाही, धुव्वा उडवला! शाळा राहिली, म्युरियल, शाळा राहिली! कुणी म्हणून मागे राहिलं नाही गं! बाहेर झुल्फिकारने मला उचललं, या वयात!

म्युरियल : देवा, तुझे उपकार! आणि एडिथ?

एनॉक : रडतेय आणि हसतेय. नवऱ्याला सगळ्यांसमोर म्हणाली, "तू तुझं मत दिलंस, मी माझं दिलं."

हेस्टर : अभिनंदन, बाबा. मनापासून. माझं मत याही खेपेला विरोधातच होतं हं.

एनॉक : माहीत आहे मला. म्हणून सांगतो, मंडळावर पालकांची एक जागा रिकामी आहे. उभी राहा.

हेस्टर : दर बैठकीत भांडेन. गरिबांच्या पोरांना दाराबाहेर ठेवणारा एकही नियम होऊ देणार नाही.

एनॉक : नाहीच होऊ द्यायचा. भांड की! आता आत गायला चल, पोरांच्या साथीला बायकांचा खालचा सूर पातळ पडतोय.

हेस्टर : मी हरलेय, बाबा. मी कुठे बसू त्यांच्यात?

म्युरियल : एडिथने तुझी जागा धरून ठेवलीय. चल.