अंदाज चुकायचा बंद झाला तेव्हा

पीएचडीत माझं मॉडेल चुकत होतं, तोवर मी सुखात होतो. घोळ झाला तो ते बरोबर यायला लागल्यावर.

दुष्काळाचं वर्ष. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही कधी येईल सांगता यायचं नाही. मी कॉलनीच्या पाइपलाइनची कॉम्प्युटरवर हुबेहूब नक्कल केली, म्हणजे डिजिटल ट्विन. पाणी कधी येणार याचा तिचा अंदाज मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचो. दोन महिने सगळे अंदाज चुकले. मग एकाएकी बरोबर, अगदी मिनिटावर. गाईड खूश, मी मात्र चक्रावलो. प्रोग्राम तर तोच होता.

शेवटी एका शुक्रवारी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कडुबामामांना गाठलं.

"मामा, हल्ली पाणी इतकं वेळेवर कसं सुटतंय?"

"तुमचा टाइम बघूनच सोडतो की सर. ग्रुपवर मी बी हाय."

"आणि टाकी आधीच भरली तर?"

"सोमवारीच भरली व्हती. पर तुमचं यंत्र शनिवार म्हणलं, म्हणून थांबलो."

सोमवारपासून आमच्या घरातला ड्रम कोरडा होता, आणि मी बायकोला समजावत होतो की धरणातच पाणी नाही.