विकलेली कल्पना आणि सदतीस घरांच्या किल्ल्या

जबाब
दिनांक १३/०९/२०२५, शनिवार, सकाळी ११.२० वाजता

नाव : हेमांगी देवेश घाडी, वय ३९ वर्षे, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय : घरकाम, तसेच घरबसल्या धंद्याच्या कल्पना लिहून देणे, राहणार : खोली क्र. १४, शिवप्रेरणा सोसायटी, मुलुंड पूर्व, मुंबई.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, पती देवेश (वय ४३, भिवंडीच्या गोदामात इलेक्ट्रिशियन) आणि सासरे गुणाजी घाडी (वय ७७) असे राहतो. आम्हाला मूलबाळ नाही. सासऱ्यांना सन २०२१ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची उजवी बाजू चालत नाही. तेव्हापासून मी कुरिअर कंपनीतली नोकरी सोडून घरी आहे. मला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही.

व्यवसायाबाबत विचारल्यावरून सांगते की, मला धंदे सुचतात. ते स्वतः उभे करायला बाहेर फिरावं लागतं, ते मला जमत नाही. म्हणून मी सगळं नीट कागदावर लिहिते, माल कुठून घ्यायचा, गिऱ्हाईक कोण, अडचण कुठे येईल, आणि ज्याला करायचं आहे त्याला विकते. सुरुवातीला ठरलेली रक्कम आणि धंदा चालला तर दरमहा थोडा वाटा, अशी माझी पद्धत आहे. चेंबूरकडच्या पार्वती कोळी यांना मी साफ करून, हळद-मीठ लावलेली मासळी नोकरदार बायकांना आदल्या दिवशीच्या ऑर्डरवर घरपोच देण्याची कल्पना दिली होती. तो धंदा आजही चालू आहे. अशा पाच कल्पना मी विकल्या. कुणाची तक्रार आलेली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मी सहावी कल्पना लिहिली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी आठ वाजता फोन करायचा. विचारपूस करायची, गोळ्यांची आठवण द्यायची. दोनदा फोन उचलला नाही तर माणूस घरी पाठवायचा. त्यासाठी घराची एक किल्ली सीलबंद पाकिटात सोसायटीच्या सेक्रेटरीकडे ठेवायची. 'फोन करणाऱ्यापाशी किल्ली असता कामा नये' हे वाक्य मी लाल पेनानं लिहून खाली रेघ मारली होती.

सोबत मी एक फॉर्म तयार केला. त्यात वय, आजार, गोळ्या, घरी कोण कधी येतं, दुपारी कधी झोपता, मुलं कुठे असतात आणि किती दिवसांनी फोन करतात, घर कुणाच्या नावावर आहे, असे सतरा प्रश्न होते. सर्व प्रश्न मीच काढले. प्रसंग आला तर कुणाला कळवायचं, हे कळावं एवढाच हेतू होता. फॉर्म कसा भरायचा हे दाखवण्यासाठी मी पहिला नमुना माझ्याच घराचा, सासऱ्यांच्या नावानं, स्वतःच्या अक्षरात भरला.

कल्पना चालते का हे बघायला मी घाटकोपर पूर्व येथील जानकी भिकाजी आंगणे (वय ७९) यांना पंधरा दिवस स्वतः फोन केले. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. मी चौथीत असताना त्या माझ्या वर्गशिक्षिका होत्या. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला हेमे म्हणतात. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. सोळाव्या दिवशी मी फोन केला नाही, तर त्यांनीच केला. "काय गो हेमे, मेलीस की काय? आठ वाजून गेले."

फेब्रुवारीत छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून सौरभ खडपे, वय अंदाजे ३५, यानं माझ्याशी संपर्क केला. तो आमच्या घरी आला. सासऱ्यांच्या पाया पडला, त्यांची उशी सरळ केली. कागद दोनदा वाचून म्हणाला, "वहिनी, हा फॉर्म तर झकास आहे. धंदा यातच आहे." मला बरं वाटलं. मी कागद, फॉर्म आणि नमुना त्याला दिला.

मार्चपासून धंदा सुरू झाला. वाट्याचा हिशोब म्हणून तो मला दरमहा गिऱ्हाइकांची यादी पाठवत असे. ऑगस्टअखेर यादीत सदतीस नावं होती, त्यात बाईंचंही. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली.

जुलैमध्ये बाईंनी बोलता बोलता सांगितलं की किल्ली सेक्रेटरीकडे नसून सौरभकडेच आहे. मी सौरभला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, प्रॅक्टिकल बघा ना. सेक्रेटरी कुठे घेतोय पाकिटांची जबाबदारी? सगळ्यांच्या माझ्याकडेच आहेत." मी विषय तिथेच सोडला. वाटा वेळेवर येत होता.

दिनांक ०६/०९/२०२५ पासून मी बाईंना तीन दिवस फोन केला. तिन्ही वेळा एका अनोळखी महिलेनं उचलला. नाव ऋतिका असं सांगितलं, सौरभनं देखभालीसाठी ठेवल्याचं सांगितलं आणि "आजी झोपल्यात" म्हणून फोन ठेवला. दिनांक ०९/०९/२०२५ रोजी मी हट्ट धरल्यावर तिनं फोन बाईंना दिला. आवाज घुमत होता, स्पीकर चालू असावा. बाई म्हणाल्या, "हो, मी मजेत आहे. आपण काळजी करू नका, मॅडम."

बाईंनी मला आयुष्यात अहोजाहो केलेलं नाही.

दिनांक १०/०९/२०२५, बुधवार रोजी शेजारच्या मीरा यांना सासऱ्यांजवळ बसवून मी रिक्षानं घाटकोपरला गेले. दुपारी १२.४० वाजता बाईंच्या इमारतीत पोहोचले. इमारत पुनर्विकासाला जायची असल्यानं निम्मी बिऱ्हाडं हललेली आहेत. तिसऱ्या मजल्यावर बाईंशिवाय कुणी राहत नाही. दाराला बाहेरून नवीन कडी आणि तिला कुलूप होतं. मी दार वाजवलं नाही. फटीला तोंड लावून "बाई, मी हेमांगी" असं म्हटलं.

आतून पाय ओढत कुणी आल्याचा आवाज आला. बाई म्हणाल्या, "हळू बोल गो. ती खाली दूध आणायला गेली आहे."

मी विचारलं, "तुम्हाला कोंडलंय का?"

त्या म्हणाल्या, "फोन काढून घेतला. इन्शुलिन तिच्या हातात आहे. सही केल्याशिवाय देत नाही. उद्या गाडीनं नेणार आहेत, घर त्या सौरभच्या नावावर करायला. बक्षीस म्हणून. हेमे, उद्या हां. उद्याच्या आत."

तेवढ्यात जिन्यात पायांचा आवाज आला. कुणी महिला फोनवर बोलत वर येत होती. मला खाली जाता आलं असतं, आवाज दुसऱ्या मजल्याच्या खाली होता. लोक जमवता आले असते, तिला जाब विचारता आला असता. मी अर्धा जिना वर चढले आणि गच्चीच्या बंद दाराशी बसून राहिले. कुलूप उघडल्याचा, दार लागल्याचा आवाज ऐकला. त्यानंतर मी चपला हातात घेऊन खाली उतरले आणि घरी आले. तास संपत आला होता, हेही खरं आहे.

त्याच दिवशी दुपारी ३.१५ वाजता सौरभ खडपेचा फोन आला. मी गेटमधून बाहेर पडताना त्याच्या माणसानं मला पाहिलं असावं. त्याचा आवाज चढलेला नव्हता. झालेलं बोलणं मला आठवतं ते असं :

"वहिनी, घाटकोपरला कशाला गेलात? बाबांना टाकून?"

"शेजारीण होती."

"मीरावहिनी ना? त्या दीड वाजता शाळेत जातात, मुलाला आणायला. मग तीनपर्यंत बाबा झोपलेले, दाराला नुसतं लॅच. आणि देवेशदादा येणार आठला. तुम्हीच तर लिहून दिलंय."

तो पुढे म्हणाला, "कल्पना तुमची, प्रश्न तुमचे, अक्षर तुमचं. वाट लागली तर दोघांची लागेल. बाबांना नमस्कार सांगा."

हे मी त्या दिवशी पतीला सांगितलं नाही. पोलिसांनाही कळवलं नाही. कारण विचारल्यावरून सांगते की, मी घाबरले होते.

दिनांक ११/०९/२०२५, गुरुवार रोजी पती कामावर गेल्यावर मी लोखंडी कपाट ओढून दाराला लावलं. दिवसभर वरवंटा जवळ ठेवला. दुपारी दोनच्या सुमारास बेल वाजली. सासऱ्यांना जाग आली, ते "कोण इला गो?" असं मोठ्यानं म्हणाले. मी त्यांच्या तोंडावर हात दाबून धरला. बेल चार वेळा वाजली. नंतर समजलं की गॅस सिलेंडरवाला होता. हात काढला तेव्हा सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत.

त्या दिवशी बाईंना नेणार आहेत हे मला माहीत होतं. घड्याळ समोरच होतं.

दिनांक १२/०९/२०२५ रोजी सकाळी पती बूट घालत असताना मी त्यांना सर्व सांगितलं. त्यांनी बूट काढले नाहीत. "आधी बाबांना ताईकडे सोडू, मग पोलिसात," एवढंच म्हणाले. सासऱ्यांना कळव्याला नणंदेकडे पोहोचवून आम्ही ११.१५ वाजता या पोलीस ठाण्यात आलो. पोलिसांनी पंचांसमक्ष बाईंच्या घराचं कुलूप तोडलं तेव्हा मी हजर होते. घरात कुणी नव्हतं. अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. इन्शुलिन फ्रिजमध्येच होतं, म्हणजे ते सोबत नेलेलं नव्हतं.

सायंकाळी ५.३० वाजता, बाईंच्या मोबाइलच्या ठिकाणावरून, पोलिसांना बाई टिटवाळा येथे एका भाड्याच्या खोलीत मिळून आल्या. त्या बेशुद्ध होत्या. ऋतिका हिला तिथेच ताब्यात घेतलं. बक्षीसपत्राची नोंदणी आदल्या दिवशी, म्हणजे मी दाराला कपाट लावून बसले होते त्या दुपारी, झाल्याचं पोलिसांनी मला सांगितलं. सौरभ खडपे अद्याप मिळालेला नाही. त्याचा फोन बंद आहे. किल्ल्या त्याच्यापाशी आहेत.

यादीतल्या उरलेल्या छत्तीस जणांची नावं, पत्ते मी माझ्या मोबाइलमधून काढून दिले आहेत. आज सकाळपासून पोलीस त्यांना फोन करत आहेत. तिसांनी उचलला. सहा जणांचा लागत नाही. त्यापैकी दोघं बोरिवलीत, एक जण आमच्याच गल्लीत राहतो. तिथे माणसं पाठवली आहेत. मी जबाब देत असेपर्यंत निरोप आलेला नाही.

आज सकाळी नऊ वाजता मी पालिकेच्या रुग्णालयात बाईंना भेटले. त्या शुद्धीवर आहेत. सोबत महिला पोलीस होत्या. मी पायाशी उभी राहिले. बाई म्हणाल्या, "तू वर गेली होतीस ना? गच्चीकडे. मला पायांचा आवाज वर जाताना आला."

मी हो म्हटलं.

त्या म्हणाल्या, "तिनं आत आल्या आल्या विचारलं, दाराशी कोण बोलत होतं? मला कानाखाली मारली. मी म्हटलं, कुणी नाही. म्हातारी आहे, एकटीच बडबडते."

माझा जबाब मराठीत संगणकावर टंकलिखित केला असून तो मी स्वतः वाचला, आणि महिला उपनिरीक्षक मॅडमनी पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे. यातलं काहीही कमी करू नये.

जबाब देणार,
(सही) हेमांगी देवेश घाडी