पोटात कांथा, वर गोधडी

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन कलकत्त्याला आले ती ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे, गार्डन रीचला क्वार्टर मिळालं होतं, बंगालीचा गंध नाही, हिंदी बोलायला गेले की भाजीवाला हसायचा. पण हातात शिवणकाम होतं ना. आईनं दिलेल्या मशीनवर मी कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायला लागले, ब्लाउजला कुठली भाषा लागते, टेप गळ्यात घातली की झालं. ह्यांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, बेहालाला फ्लॅट घेतला, मी अजून शिवते. आणि ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या घरी दुसरं काय साठणार हो, कातरण. खणाची, सिल्कची, जरीकाठाची, गठुड्यात नुसतं भरून ठेवलेलं. मी त्यातली चिंधी टाकत नाही. आईची रीत होती, उरलेल्याची गोधडी, आणि गोधडी फाटली की ती टाकायची नाही, तिच्यावर नवा थर द्यायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आमची एकुलती एक मेधा, तिनं बंगाली मुलाशी लग्न केलं, मुलगा चांगला आहे, सेक्टर फाइव्हला कॉम्प्युटरच्या हापिसात जातो, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती मालतीदींबद्दल. मालतीदी म्हणजे माझी विहीण. सॉल्ट लेकला मेधाच्याच घरात राहतात, नातीच्या उशाशी. मला बेयान म्हणतात, त्यांच्यात विहिणीला तसंच म्हणतात, आणि इतक्या गोड बोलतात की भांडायला जागाच ठेवत नाहीत. काय सांगू तुम्हाला, भांडल्या असत्या तर मी सुखी झाले असते.

मेधाला दिवस गेले तेव्हा मी गोधडी शिवायला बसले. सगळ्यात देखणे तुकडे निवडले, इरकली खण, पैठणीचा काठ, म्हटलं बघू दे तिच्या सासरच्यांना मराठी आजी काय चीज असते. बोटं सुजली माझी. बारशाला घेऊन गेले तर पोर आधीच गुंडाळलेली. कशात? मालतीदींच्या कांथ्यात. कांथा म्हणजे त्यांची गोधडीच हो, जुन्या साड्यांचे थर आणि बारीक धावदोरा, वर दोऱ्याचे मासे आणि कमळं. धुऊन धुऊन असा मऊ की हातात घेतला तर सायच. माझी गोधडी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि म्हणाल्या किती सुंदर, पण बेयान, जरीचा काठ टोचेल ना बाळाला, जरा मोठी झाली की काढू. आणि घडी घालून पलंगाच्या पेटीत. पेटीत हो! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पोरगी तीन वर्षांची झाली, तिन्नी म्हणतात तिला, तरी गोधडी पेटीतच. कांथा मात्र तिच्या हातातून सुटेना. खाताना कांथा, गाडीत कांथा, आणि त्याच्याशिवाय नि ठाम्माशिवाय, ठाम्मा म्हणजे मालतीदी, डोळा मिटायचा नाही. मला फार काही नको होतं. एकदा तिनं माझ्या घरी, माझ्या गोधडीत झोपावं एवढंच. तीन वर्षांत एकदा नाही. आणली की चारच्या सुमाराला भोकाड पसरायची, ठाम्मा जाबो, ठाम्माकडे जायचंय, की निघाले सगळे. मी दारात उभी, हातात तिच्यासाठी केलेला शिरा. जळतंच की माणूस. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, अगं तीही आजीच ना. माहीत आहे मला, तेच तर दुखणं आहे.

आणि बघा, गेल्या थंडीत मालतीदी स्वतः माझ्या दारात. पिशवीतून कांथा काढला, पार जीर्ण झालेला, मधोमध विरलेला, मासे अर्धे उडालेले. म्हणाल्या, मोतीबिंदू झालाय, मला आता टाके दिसत नाहीत, तुमच्या हातात कला आहे बेयान, तुम्ही सांधून द्या, आणि मेधानं तुमची गोधडीही पाठवली आहे, त्यातलं कापड लावा हवं तर. मी हो म्हटलं. आतून मला काय झालं सांगू का, उकळ्या फुटल्या.

मी काय केलं, जे आमच्याकडे करतात तेच केलं. फाटलं की वर थर. गोधडीची एक बाजू उसवली, कांथा सपाट करून आत घातला, चारी बाजू बंद केल्या आणि वरून आरपार धावदोरा. पोटात कांथा, वर गोधडी, खण वर, पैठणी वर. मला चूक केल्यासारखं वाटलंच नाही. म्हटलं आता झोपेल कुठे, माझ्या गोधडीतच.

मालतीदी तिन्नीला घेऊन आल्या. बघितलं, उलटंपालटं केलं, म्हणाल्या, कांथा? मी ऐटीत म्हटलं, आत आहे, आता कधी फाटायचा नाही. त्या खाली बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, त्यात माझ्या आईची साडी होती बेयान, आता हात कसा लागायचा. बास, एवढंच. तिकडे तिन्नीनं घर डोक्यावर घेतलं, आमार कांथा कोथाय, माझा कांथा कुठाय, आणि माझी गोधडी पायानं ढकलते. पायानं! जिंकले होते ना मी?

कात्री घेतली. आपणच घातलेले टाके उसवणं फार जिवावर येतं, शिवणाऱ्याला विचारा. एक कोपरा उसवला, चार बोटं जातील एवढा. मालतीदींचा हात धरला आणि आत घातला, दिसत नाही ना त्यांना नीट. त्यांच्या बोटांना मासा लागला बहुतेक, हसल्या. मग तिन्नीनं ठाम्माचा हात बाहेर काढून स्वतःचा घातला. मुसमुसत राहिली आणि झोपली. माझ्या घरी, माझ्या पलंगावर, भर दुपारी. मालतीदी शेजारच्या खुर्चीत डुलक्या घेत होत्या, त्या घरी गेल्या असत्या तर आणखी बरं झालं असतं, पण असो.

आता तिन्नी आली की ती गोधडी घेऊनच येते. मालतीदी म्हणतात, चारी कोपरे उसवा ना. मी म्हणते, एक पुरे. नाही उसवणार मी, सांगून ठेवते. देव त्यांना भरपूर आयुष्य देवो, डोळे बरे होवोत, आणि मला त्यांच्यापेक्षा थोडं जास्त देवो, एवढं मागायला काय हरकत आहे. त्या दिवशी तिन्नी उठली तेव्हा हात आतच होता, कांथ्यात. पण गालावर माझ्या खणाची नक्षी उठली होती. मी मालतीदींना दाखवली. दोनदा दाखवली.