अकारविल्हे मानपान

(नारिन शहरातलं लग्नाचं सभागृह. मंचामागच्या लहान खोलीतून तालाय लॅपटॉपवरचे फोटो पडद्यावर सोडतो आहे. नवरदेवाचे वडील आणि तालायचे थोरले चुलते सागिनबेक हातात कागद घेऊन दार ढकलून आत आले आहेत.)

सागिनबेक : …फोटो राहू देत! आधी सांग, हा तमादा सूत्रसंचालन करतोय की शाळेची हजेरी घेतोय?

तालाय : कसली हजेरी, मोठे आबा?

सागिनबेक : पहिला माइक कुणाला दिला, ऐकलं नाहीस? तुझ्या बापाला! मुलीचे आजोबा समोर बसलेत. शंबेत आजोबा. अख्खं खोरं ज्यांना उठून जागा देतं, ते. आणि हा भाड्यानं आणलेला माणूस गळा काढून म्हणतो, "पहिला आशीर्वाद अब्दिरासुल देतील!"

तालाय : बाबा? सगळ्यांच्या आधी?

सागिनबेक : तोंड मीट, माशी जाईल. आजोबांनी काय केलं माहितीय? चाकू पुसला, मिटला, खिशात घातला. समोरचं मानाचं हाड तसंच पडलंय. याचा अर्थ कळतो ना, की बिश्केकला जाऊन तेही विसरलास?

तालाय : कळतो. मान दुखावला, आता ते या घरचं खाणार नाहीत. पण तमादा तुम्हीच आणलात, आणि वाचतोय तो कागदही तुमचाच.

सागिनबेक : माझाच! तीन आठवडे बसून क्रम लावलाय मी. व्याही कोण, मामा कोण, कुणाचं कुणाशी बोलणं नाही म्हणून मध्ये तिसरा कोण घालायचा. आणि छापून काय आलंय बघ. अब्दिरासुल. मग आक्माल. हा आक्माल कोण?

तालाय : नवरीची गाडी चालवणारा.

सागिनबेक : ड्रायव्हर! त्याच्यामागून बेगायिम, शाळेची स्वयंपाकीण. आणि शंबेत आजोबा कुठे? तळाला. इलेक्ट्रिशियनच्या खाली!

तालाय : द्या बघू. …आबा, ही यादी अकारविल्हे लागलीय.

सागिनबेक : ते दिसतंय मला. बाराखडी मीही शिकलोय. लावली कुणी?

तालाय : आज सकाळी फाइल उघडली होतीत?

सागिनबेक : उघडली. पशुवैद्याचं नाव राहिलं होतं. टाकलं, सेव्ह केलं, छापलं.

तालाय : उघडली तेव्हा खिडकी काळी होती? रंगीत अक्षरांची?

सागिनबेक : होती. मला वाटलं, स्क्रीन म्हातारा झाला.

तालाय : तो माझा एडिटर, मजकूर लिहायचा प्रोग्राम. गुरुवारी तुम्हीच मला लॅपटॉप दिलात ना, माझं ऑफिसचं काम उरकायला? तेव्हा मी बसवला. आणि मजकुराची कुठलीही फाइल उघडली की त्यातच उघडेल, असं करून ठेवलं. आमच्या ऑफिसात शब्दकोशाच्या याद्या असतात. सेव्ह केलं की तो ओळी अकारविल्हे लावतो. परत पूर्वीसारखं करायचं राहून गेलं.

सागिनबेक : म्हणजे घर माझं, दार माझं, आणि मी टकटक केली की दार उघडायला तुझा गडी?

तालाय : तसंच म्हणा.

सागिनबेक : आणि हा गडी माझे पाहुणे स्वतःच्या अकलेनं बसवणार! ड्रायव्हर वर, व्याही उंबऱ्यात! कुठं पाळतात असले गडी?

तालाय : सगळीकडे. तुमचा तो जुना एडिटर म्हणजे नुसता पांढरा कागद आहे, आबा. त्याला काही येत नाही.

सागिनबेक : तेच त्याचं शहाणपण. ज्याला काही येत नाही, तो निदान लुडबुड करत नाही. मी लिहिलं तिथं लिहिलेलं राहतं.

तालाय : छापल्यावर एकदा वाचलं असतंत तर?

सागिनबेक : मी लिहिलेलं मीच वाचू?

तालाय : शाळा तपासायला जायचात, तेव्हा मास्तरांना तीनदा वाचायला लावायचात म्हणे.

सागिनबेक : ते मास्तर होते. मी तपासनीस होतो. बडबड पुरे, मूळ क्रम परत आण.

तालाय : येणार नाही. फाइल तुम्ही बंद केलीत. मूळ क्रम आता फक्त तुमच्या डोक्यात आहे.

सागिनबेक : वा! हे शिक्षण! …तालाय, खरं सांग. मुद्दाम केलंस ना?

तालाय : काय?

सागिनबेक : बापाचं नाव अ वरून. यादी अकारविल्हे. बाप पहिला. सरळ हिशोब आहे.

तालाय : मुद्दाम करायचं असतं तर पहिला कशाला घातला असता? गुपचूप पाचवा घातला असता. तुम्हाला कळलंही नसतं.

सागिनबेक : जीभ बघा.

तालाय : आता तुम्ही खरं सांगा. तुमच्या क्रमात बाबा कुठं होते?

सागिनबेक : असतो तिथंच.

तालाय : म्हणजे शेवटी. लोक कोट घालतात तेव्हा. ताईच्या लग्नात बाबा बोलत होते आणि तमादा माइकची वायर गुंडाळत होता. बोलता बोलता बाबा त्याच्याबरोबर चालत गेले, कारण वायर संपत आली होती. आठवतंय?

सागिनबेक : मग काय करू? गणिताची मास्तरकी सोडली आणि मॉस्कोत रस्त्यावरचा बर्फ ओढायला गेला. मी तालुक्याचा शाळा तपासनीस, माझा सख्खा भाऊ झाडूवाला. कुठं बसवू त्याला, व्याह्यांच्या मांडीवर?

तालाय : त्या झाडूवर मी शिकलो.

सागिनबेक : आणि शिकून हे केलंस!

झुराकान (सागिनबेकची बायको, दारातून) : अहो! नवरदेवाचे वडील कुठायत म्हणून अख्खं सभागृह माना वळवतंय, आणि तुम्ही इथं तारांमध्ये लपलायत?

सागिनबेक : झुराकान, खरं सांग. उठले का? कोट मागितला?

झुराकान : कुणी?

सागिनबेक : कुणी काय! शंबेत आजोबांनी!

झुराकान : ते कसले उठतात. माइक सोडतील तर ना.

तालाय : माइक त्यांच्याकडे कसा, काकू? बाबांना बोलावलं होतं ना?

झुराकान : बोलावलं. भावजी दाराजवळच्या टेबलावरून उठले. मला वाटलं, पडतात. माइक उलटा धरला. म्हणाले, "मला खुर्च्या आवरताना बोलायची सवय आहे, इतक्या लवकर काही सुचत नाही." लोक हसले. मग म्हणाले, "थोरल्या भावानं हा माझ्या हातात दिलाय तो बोलायला नाही, पोचवायला. या घरात धाकटा मी. व्याह्यांना पहिला शब्द नेऊन देणं हे धाकट्याचंच काम." आणि अख्खं सभागृह ओलांडून गेले, वाकले, दोन्ही हातांनी माइक आजोबांना दिला.

सागिनबेक : …आणि चाकू?

झुराकान : कसला चाकू?

सागिनबेक : आजोबांनी मिटून खिशात घातला होता.

झुराकान : मग काढला असणार बाहेर. मानाच्या हाडावरचा पहिला तुकडा कापून भावजींच्या हातात दिला. शेजारी बसवून घेतलंय. म्हणतायत, "लग्नं पुष्कळ खाल्ली, पण धाकट्याच्या हातून पहिला मान पाठवणारं घर आजच पाहिलं. सागिनबेकला बोलवा, मला त्याचा हात हातात घ्यायचाय."

सागिनबेक : माझा हात?

झुराकान : तुमचाच. मीही म्हटलं, इतकं चांगलं यांना सुचलं कसं? लग्नाला चाळीस वर्षं झाली, एकदा तरी चाहूल लागायला हवी होती.

तालाय : सुचलं त्या काळ्या खिडकीला, काकू.

सागिनबेक : तू गप्प बस.

झुराकान : खिडकी-बिडकी नंतर. तमादा विचारतोय, आजोबांच्या मागून कागदावर ड्रायव्हर आहे, खरंच बोलवू का?

सागिनबेक : नको, नको! नाचाचं गाणं लावायला सांग. पोरांना नाचू दे, मी आलोच. सांग त्याला, तो कागद कच्चा होता.

झुराकान : आजोबांनाही तसंच सांगू का?

सागिनबेक : झुराकान!

झुराकान : निघाले. पण लवकर या. म्हातारा हात पुढे करून बसलाय.

सागिनबेक : …बघत काय बसलास? आधी त्या गड्याला हाकल.

तालाय : हाकलला. आता फाइल तुमच्या पांढऱ्या कागदातच उघडेल. नेहमीसाठी.

सागिनबेक : नुसतं बोलू नकोस, उघडून दाखव.

तालाय : ही बघा. पांढरी. काहीही न येणारी.

सागिनबेक : हं. आता मी सांगतो तसं घे. छापायला वेळ नाही, तमादा लॅपटॉपवरूनच वाचेल. शंबेत आजोबांना तळातून वर घे. त्यांच्याखाली मुलीचे थोरले मामा. मग माझी आत्या, तिला ऐकू येत नाही पण बोलायला लागतं. पशुवैद्य मधे कुठंतरी. ड्रायव्हर शेवटी.

तालाय : आजोबांना वर म्हणजे कुठं? पहिल्या ओळीत बाबा आहेत. त्यांना खाली, ड्रायव्हरजवळ नेऊ? आबा, त्या पहिल्या ओळीचं काय करू?

सागिनबेक : राहू दे. ती मीच लिहिलीय, असं समजतायत सगळे.