आईने पाठवलेलं लोकेशन

माझ्या आईचं सांगतो. राजूर सोडून ती आमच्याकडे श्रीरामपूरला आली, तेव्हा मोबाईलला हातही लावत नव्हती. शेजारच्या सानियाने, कॉलेज सांभाळून, तिला रोज शिकवलं.

परवा आई बाजारातून वेळेत परतली नाही. मी शोधायला निघणार, तोच तिचं लोकेशन आलं. धावत स्टँडवर पोचलो. आई एका अनोळखी म्हातारीचा हात धरून बसलेली.

"आई, हरवलीस का गं?"

"मी कशाला हरवतीय? ह्या चुकल्यात. चिठ्ठीवर लेकाचा नंबर हुता, त्याला लोकेशन धाडलं. तुला बी धाडलं, उगा घाबरशील म्हनून."

तेवढ्यात तो मुलगा आला आणि आईच्या पायाशी वाकला.

आईने त्याला मधेच धरलं. "माझ्या नगं बाबा. माझ्या मास्तरनीच्या पाया पड. एकोनीस वर्सांची हाय."